देवकापसाच्या वाती

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, असं आमच्याकडे शिकवतात. घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं म्हणे. पस्तीस वर्षांत मी एकदाही घेतलं नाही. आयुष्य कमी करायचे दुसरेही मार्ग असतात, ते मात्र कोणी शिकवत नाही. इथेही मी नाव घेणार नाही, 'हे'च म्हणेन.

आमचं घर खर्डीजवळच्या गावात, आणि ह्यांचं शहापुरात मोटार-वाइंडिंगचं दुकान. पंपाची मोटार जळली की जुनी तार उपटून नवी भरायची. हात असा की मुरबाडकडचे लोक वाटेतली चार दुकानं सोडून ह्यांच्याकडे मोटार घेऊन यायचे. तारेचा एक वेढा कमी पडला तर ह्यांच्या बोटांना कळायचं. बायकोला भात कमी पडला तर मात्र कळत नसे. भाजीत मीठ जास्त झालं की ताट उचलून न्हाणीत ओतायचे आणि हात धुवून बिडी पेटवायचे. मारलं कधी नाही. ते तर सासरचे लोक मोठ्या कौतुकानं सांगायचे, जशी काय मला बक्षिसी मिळाली. मी अंगणवाडीत सेविका होते. दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी भरवायची आणि घरी येऊन न्हाणीतला भात गोळा करायचा, असं चाललेलं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा श्वास कोंडला. कल्याणला इस्पितळात सहा दिवस नाकात नळी. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की बिडी सुटली नाही तर पुढच्या वेळी गाडी आणायची घाई करू नका. मुलगा आमचा एकुलता एक, डोंबिवलीला असतो, नोकरी करतो. त्यानं खाटेजवळ उभं राहून बापाला सुनावलं, "बाबा, यापुढं तुमच्या हातात बिडी दिसली तर मी पोराला घेऊन त्या घरात पाऊल टाकणार नाही." पोर म्हणजे आमचा नातू, चार वर्षांचा. ह्यांचा जीव कशात असेल तर त्या पोरात. जळक्या मोटारीतली चुंबकं काढून त्याच्यासाठी डब्यात साठवायचे. हे नळीतून म्हणाले, "नाय वढणार." आणि मी बाहेर बाकड्यावर बसून देवाला बोलले, एक लाख वाती वळून वाहीन, ह्यांची बिडी सुटू दे.

बिडी सुटली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे कोणी ते खरं मानलं नाही. इस्पितळातून आल्यापासून ह्यांनी एकही बिडी ओढली नाही. मी त्यांच्या शर्टाचा वास रोज घ्यायची. मला ठाऊक आहे.

सुटली, पण हाताला आणि ओठाला काहीतरी पाहिजेच. मुलानं विजेच्या सिगारेटचं एक मशीन आणून दिलं. बंदी आहे त्यावर, पण कुठून तरी मित्राकडून मिळवलं. बोटाएवढी नळी, खाली बॅटरी, वर छोटी टाकी, तिच्यात रस. रस तापला की वाफ होते आणि ती ओढायची. ते मशीन उघडून परत बांधता येणारं होतं. म्हणजे त्याचं डोकं खोलायचं, आत आपल्या हातानं तारेचं वेटोळं बसवायचं आणि वेटोळ्यातून एक वात ओवायची. वात रस पिते आणि तार तो तापवते. मुलगा म्हणाला, "बिडीपेक्षा बरं. धूर नाय, राख नाय."

तारेचं वेटोळं तर ह्यांच्या हातचा मळ. अडलं ते वातीशी. मुलानं दिलेला परदेशी कापूस महिन्यात संपला, दुसरा मिळेना. मग हे लागले नादाला. आधी औषधाच्या दुकानातला कापूस. त्याला औषधाचा वास. मग जुन्या वातीच्या स्टोव्हची वात कापली, ती रस प्यायची पण रॉकेल तिच्या हाडात मुरलेलं. मग केळीच्या खोडाचं साल सोलून वाख, म्हणजे दोरे, काढला, तो जळाला. माझी चहाची गाळणी फाडून तिची जाळी गुंडाळली, तेव्हा ठिणगी उडाली आणि बॅटरी गेली. गाळणी गेली त्याचं कोणाला काय!

मुरबाडच्या बाजारात वरच्या पाड्यावरची एक म्हातारी सावरीचा कापूस विकायला बसते, उशीत भरायला. हे तिच्याकडून पिशवीभर घेऊन आले. ती विचारत होती, उशी किती मोठी? ह्यांनी सांगितलं, ओढायचाय. ती जी हसली! "येडा का काय रं तू? ह्यो पाण्यात पन भिजत नाय," म्हणाली. खरंच भिजला नाही. रस वातीत चढेना आणि टाकी खालून गळायला लागली. घरभर सावरीच्या म्हाताऱ्या उडत होत्या आणि मी आठ दिवस केर काढत होते.

आणि प्रत्येक वात पहिल्यांदा ओढायची कोणी? मी! तीस वर्षांच्या बिडीनं ह्यांची जीभ मेलेली. जळकं, कडू, गोड काही कळायचं नाही. माझं नाक तिखट, दूध लागायच्या आधी मला वास येतो. म्हणून हे हाक मारायचे, "ए, हिकडं ये गो. वढ जरा. तोंडात धर, गिळू नको. जळकी लागते का सांग." मी ओढायची, ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. हे माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. वहीत लिहायचे: केळीचा वाख, जळका. स्टोव्हची वात, रॉकेल. मांजराला औषध चाटवून बघतात ना, तसं. एकदा मी म्हटलं, मला मळमळतंय. हे म्हणाले, "मग तुझा उपेग काय?"

माझ्या वाती चालल्याच होत्या. परसात सासूबाईंच्या हातची देवकापसाची दोन झाडं आहेत. हा कापूस देवाच्या वातीसाठीच लावतात. बोंडं वेचायची, सरकी काढायची, कापूस पिंजायचा आणि मांडीवर वात वळायची. अपुरा पडायचा तो शेजारणींच्या परसातून मागून आणायची. बोट कोरडं असेल तर कापूस घसरतो, म्हणून बायका बोटाला काहीतरी लावतात. कोणी राख लावतं, कोणी रांगोळी. मी दूध लावायची, व्रताच्या वातीला दूधच चांगलं. रोज दोनशे. शंभर झाल्या की एक चिंचोका डब्यात टाकायचा, हजार चिंचोके झाले की लाख. वर्षभरात साडेसहाशे चिंचोके झाले होते. पाठीचा नुसता पिळा झाला होता, पण डबा हलवला की बरं वाटायचं. आयुष्यात दुसरं काही मी मोजलं नव्हतं.

एक दिवस दुपारी बाजारातून आले तर हे ओटीवर बसलेले. पुढ्यात माझा वातींचा पितळी डबा. एकेक वात घ्यायची, पीळ उलटा फिरवायचा, उसवायची आणि कापूस सरळ करून ठेवायचा. गॅसवर माझ्या नैवेद्याच्या पातेल्यात थोडा कापूस उकळत होता. उकळला की कापसाचं मेण जातं आणि तो रस लवकर पितो, हे मलाच शिकवत होते!

"अवो, काय केलंत हे? देवाच्या वाती त्या!"

"अगो, कापूस एक नंबर हाय. धागा एका लायनीत येतो. मी गाढव, घरात असून बाजार हुडकत होतो."

"लाख बोललेय मी देवाला. तुमच्यासाठी!"

तर हे हसले. "देव काय मोजत बसलाय? परत वळ. तुला दुसरं काम काय हाय?"

अकरा चिंचोक्यांच्या वाती उसवल्या होत्या. अकराशे. मी चिंचोक्यांच्या डब्यातून अकरा चिंचोके काढले आणि परसात फेकले. इतक्या वर्षांत न्हाणीतला भात गोळा करताना मला कधी रडू आलं नव्हतं. त्या दिवशी चिंचोके फेकताना आलं, आणि त्याच्या मागून जो राग आला तो काय सांगू!

तेवढ्यावर भागलं नाही. उकळलेला कापूस नुसताच ओवला तर तो मधे पातळ व्हायचा. हे म्हणाले, तूच वळून दे, तुझ्या हातच्या वातीला बरोबर पीळ असतो. थोडी जाड वळ, वितभर लांब. आठवड्याला पाच दे.

दिल्या. देवाच्या वाती दूध लावून, आणि ह्यांच्या रांगोळी लावून. नुसतं बोटाला लावून नाही. कापूस उलगडायचा, मधे चिमूटभर रांगोळी पसरायची आणि वरून वळायचा. बाजारात मिळते ती दगडाची रांगोळी, पांढरी फेक.

कोणी म्हणेल बाईला कळलं नसेल. मला सगळं कळत होतं. पंचवीस वर्षं अंगणवाडीत काढली मी. आमच्या बाजूला खडीचे क्रशर आहेत. तिथे कामाला जाणारे बापे पन्नाशीच्या आत ओट्यावर बसून राहतात आणि त्यांची पोरं माझ्याकडे खिचडी खायला येतात. दगडाची भुकटी छातीत गेली की काय होतं, ते मला शिकवायला कोणी नको होतं. मी वळत होते आणि मनात म्हणत होते, घ्या. उसवा आता.

पहिली वात बसवून ह्यांनी हाक मारली, "ये, वढ." मी नळी ओठाला लावली, आत काही घेतलं नाही, आणि म्हटलं, "चांगलीय."

"जळकी?"

"नाय. झकास आहे."

आणि गंमत बघा, ह्यांनाही ती आवडली. म्हणे, मऊ वात दोन दिवसांत बसते, ही ताठ राहते, आठवडा निघतो. वहीत एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: देवकापूस, घरची वात, एक नंबर. सगळ्या वहीत माझ्या हाताला चांगलं म्हटलेलं तेवढं एक पान. लग्नात म्हटलं नाही, पोर झाल्यावर म्हटलं नाही. दुकानात येणाऱ्या माणसांना सांगायला लागले, "आमच्या घरातली वात वळते ना, तशी कंपनी पन नाय वळणार." मला ते ऐकून बरं वाटायचं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी परत रांगोळीच्या डब्यात बोट घालायची.

दोन महिन्यांत खोकला आला. आधी सकाळी, मग दिवसभर. कोरडा, खरवडल्यासारखा. तो रांगोळीनं आला, की रसानं, की जुन्या बिडीचंच देणं होतं, ते कोणी डॉक्टर सांगणार नाही, कारण कोणी डॉक्टरला रांगोळीचं सांगितलंच नाही. मला मात्र सांगायला डॉक्टर नको.

श्रावणात मुलगा आला, नातवाला घेऊन. हे चुंबकांचा डबा घेऊन ओटीवर पोराशी खेळायला बसले आणि खोकायला लागले. थांबेना. मुलगा बघत राहिला. मग उठला आणि ह्यांच्या शर्टाचे खिसे उलटे केले, सायकलच्या सीटखाली बघितलं, कौलाच्या फटीत हात घातला. काही नाही. तरी म्हणाला, "कुठं लपवता? मशीननं असा खोकला येत नाय बाबा. तुमी बिडी वढताय."

"नाय रे. पोराची आण." ह्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला.

मुलानं तो हात बाजूला केला. हळूच केला, पण केला. मग माझ्याकडे वळला. मी तांदूळ निवडत बसले होते. "आई, तू सांग. वढतात ना?"

हे माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, काहीतरी मागितल्यासारखं. तोंडात 'नाय' एवढा एकच शब्द आणायचा होता. मी 'हो' म्हणाले नाही. 'नाही'सुद्धा म्हणाले नाही. सुपातला एक खडा उचलला आणि बाहेर टाकला.

मुलगा पोराला उचलून खर्डीला स्टेशनवर गेला. पोर रिक्षातून ओरडत होतं, "आजोबा, चुंबक!" हे डबा हातात घेऊन उभे होते. त्यानंतर तो आला नाही. फोन करायचा तर मलाच, ह्यांच्याशी बोलायचा नाही.

तेव्हा मी घाबरले. रांगोळी बंद केली, ह्यांच्याही वातीला दूध लावलं. तर ह्यांची तक्रार. "पयल्यासारखी नाय होत गो. काय लावतेस बोटाला?" मी म्हटलं दूध. "पयल्यापासून?" हो म्हटलं, पयल्यापासून. तेव्हा हे म्हणाले, मग तुझा हातच बिघडला. जुन्या वातींतल्या चाळीसेक ह्यांनी गोळ्यांच्या डबीत जपून ठेवल्या होत्या. त्या एकेक करून वापरायचे, कंजूस माणूस तूप वाढतो तशा. मला त्या चोरून टाकून देता आल्या असत्या. डबी उशीखाली असायची, आणि मी रोज गादी काढत होते. नाही टाकल्या. भ्याले म्हणा, नाहीतर राग अजून गेला नव्हता म्हणा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो माझाच.

कार्तिकात हजारावा चिंचोका पडायला आला आणि मी उद्यापन काढलं. सकाळी शेजारच्या चार बायका आल्या. आळीतली सगळ्यांत म्हातारी काकू, जिनं मला वाती वळायला शिकवलं, ती पाटावर बसली. बाकीच्या आधीच वाहून झाल्या होत्या, परातीत शेवटच्या हजार तुपात भिजवून मांडल्या. मोजता मोजता शेवटच्या शंभरात तीसेक वाती कमी भरल्या. मी म्हटलं, बसा, आता वळते.

हे कोपऱ्यात खाटेवर बसले होते, श्वास घेत. म्हणाले, "थांब गो." उशीखालून गोळ्यांची डबी काढली. "ह्या घे. एक नंबरच्या हायत, मी जपलेल्या. तुझ्या मी उसवल्या होत्या ना. देवाला पन चांगल्यातलं मिळूं दे."

पस्तीस वर्षांत ह्या माणसानं आपल्यातलं काही मला दिलं ते तेवढंच. मी म्हटलं, "नको, राहूं द्या." तर बायका हसल्या. "घे गो, नवरा देतोय," म्हणत काकूनं स्वतःच डबी घेतली, वाती तुपात बुडवल्या आणि पेटवल्या.

बाकीच्या वाती सरळ जळत होत्या. ह्या तडतडल्या. तूप उडालं, ज्योत निळी पडली आणि एकेक करून विझली. टोकाला पांढरी खरपुडी उरली. काकूनं एक वात उचलली, दोन बोटांत चोळली आणि बोटं उजेडात धरली.

"अगो, रांगोळी भरून वळल्यास का? दगड हाय नुसता! तुला मी हे शिकवलं?"

हे काकूच्या बोटांकडे बघत होते. ज्या माणसाला तारेचा एक वेढा कमी असला तर कळतो, त्याला काय समजवायचं? त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं नाही, विझलेल्या वाती काढून दुसऱ्या लावत राहिले.

ह्यांनी बायकांसमोर प्रसाद घेतला, काकूला वाकून नमस्कार केला. बायका गेल्यावर म्हणाले, "दरयेळी इचारलं मी तुला. चांगलीय म्हणालीस."

"हो."

"त्ये जाऊं दे. मी तुझ्या वाती उसवल्या, तू माझी छाती उसवलीस. पन पोरासमोर..." खोकला आला. तो संपेस्तोवर मी उभी राहिले. "पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता मी. तू तांदूळ निवडत होतीस."

मी त्यांच्या पायाशी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला ह्या माणसाची माया आली, आणि तीही कुठल्या वेळी! म्हटलं, "मी आत्ता फोन करते. सगळं सांगते त्याला. तुमी नाय वढली सांगते. माझं काय व्हायचं ते होऊं दे."

"नको. फोन लाव आणि माझ्याकडं दे."

मी लावला. मुलानं उचलला, "हां आई," म्हणाला. हे म्हणाले, "मी बोलतोय. तू म्हणत होतास ते खरं हाय. वढतो मी बिडी." पलीकडून काही बोलणं झालं असेल, मला ऐकू आलं नाही. "तुझ्या आयशीला ठाव नव्हतं. तिला काय इचारूं नको." एवढं बोलून फोन माझ्या हातात दिला.

मला वाचवलं की जन्माचं बांधून घातलं, ते ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता मी मुलाला काहीही सांगितलं तरी तो म्हणणार, आई बाबांना झाकते.

हे उठले, भिंतीला धरून धरून नाक्यापर्यंत गेले आणि बिडीचं बंडल घेऊन आले. ओटीवर बसले. एक बिडी ओठांत धरली. परातीत माझ्या वाती अजून जळत होत्या.

"काडी दे," हे म्हणाले.

मी दिली.